रूपश्री मोरे तिकीट बंद करत नाही

रूपश्री मोरेचा भिंतीवरच्या रंगांवर कधीच विश्वास नव्हता. व्हाइटफील्डमधल्या ज्या कंपनीत ती कामाला होती, तिथे चौथ्या मजल्यावरची एक अख्खी भिंत पडद्यांनी भरलेली होती आणि पडद्यांवर छोटे छोटे चौकोन होते. एक चौकोन म्हणजे कुठल्या तरी गावातला, कुठल्या तरी ग्राहकाचा एक कॉम्प्युटर. मशीन चालू असेल तर चौकोन हिरवा, बंद पडलं तर लाल. भिंत हिरवी दिसली की खोलीतले बाकीचे लोक कॉफी आणायला उठायचे. रूपश्री मात्र खुर्ची पुढे ओढून यादी उघडायची आणि शेवटून दुसरा रकाना वाचायला घ्यायची. मशीन किती वेळ सलग चालू आहे, ते त्या रकान्यात दिसायचं. बावीस दिवस, चाळीस दिवस, नऊ दिवस. असा आकडा वाढत गेला की ती पुढच्या ओळीवर जायची. कालचे बावीस दिवस आज अकरा मिनिटांवर आलेले दिसले, की तिचं बोट तिथेच थांबायचं.

मोरे मंडळी पाच पिढ्यांपासून बंगळूरची. शाळेच्या दाखल्यांवर पुरुषांच्या नावांना 'राव' लागलेलं, घरात मराठी, पण तीही अशी की पुण्याहून आलेला पाहुणा दोन वाक्यांनंतर तोंडाकडे बघत राहायचा. वडील सुब्बाराव टेलिफोनच्या कारखान्यात फिटर होते. रूपश्रीने बी. कॉम. केलं आणि काही वर्षांनी बँकेच्या परीक्षा द्यायच्या सोडून चामराजपेटेत आठ मशीनचं सायबर कॅफे काढलं. लग्न झालं तेव्हा तिने नाव बदललं नाही. "कागद बदलायला कोण रांगेत उभं राहील," एवढंच ती म्हणाली, आणि चिकपेटेत जरीच्या किनारींचं दुकान असलेल्या तिच्या नवऱ्याने, वेणुगोपालने, तो विषय पुन्हा काढला नाही.

कॅफे तिने बारा वर्षं चालवलं. तिथे चार नंबरचं एक मशीन होतं. उन्हाळ्यात दुपारी ते आपोआप पडायचं आणि दोन मिनिटांत आपोआप उठायचं. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा अर्धा भरलेला फॉर्म उडालेला असायचा. मेकॅनिक यायचा, बघायचा आणि म्हणायचा, "चालू आहे की अक्का!" एक दिवस तिने त्याला त्या मशीनसमोर बसवलं, इंजिनिअरिंग प्रवेशाचा सहा पानी फॉर्म भरायला लावला आणि पाचव्या पानावर मशीन पडल्यावर विचारलं, "आता सांगा, चालू आहे?" त्याने निमूटपणे आतला पंखा बदलून दिला.

पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि कॅफे बसलं. एक्केचाळिसाव्या वर्षी रूपश्रीने मशीनं विकली, सहा महिन्यांचा एक कोर्स केला आणि व्हाइटफील्डच्या या कंपनीत कंत्राटावर लागली. दूरदूरच्या कॉम्प्युटरांवर लक्ष ठेवायचं, एखादं बंद पडलं तर तक्रारीचं तिकीट उघडायचं, दुरुस्त झालं की तिकीट बंद करायचं, असं काम. सहा वर्षांत ती दिवसपाळीची प्रमुख झाली. महिन्याच्या अहवालावर 'तपासले' या शब्दाखाली तिचं नाव जायचं.

गोष्ट सुरू झाली ऑगस्टमधल्या एका मंगळवारी. रक्त तपासणाऱ्या लॅबची एक साखळी त्यांची ग्राहक होती, आणि तिची यादी त्याच आठवड्यात रूपश्रीच्या पाळीकडे आली होती. कर्नाटकभर बासष्ट केंद्रं, एकशे नव्वद कॉम्प्युटर. त्यातल्या देवनहळ्ळीच्या केंद्रातलं मशीन आदल्या दिवशी तीन दिवसांवर होतं. आज सकाळी सहा मिनिटांवर होतं. चौकोन हिरवागार. ठरवून केलेली दुरुस्ती रविवारी व्हायची, मंगळवारी नाही. रूपश्रीने फोन लावला.

पलीकडे हयवदन नावाचा तंत्रज्ञ होता. तो कन्नडमध्ये बोलू लागला आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता कंटाळा होता.

"अक्का, हे नेहमीचंच आहे. आज दुसऱ्यांदा झालं."

"नेहमीचं? मग तक्रार का नाही केली?"

"केली ना. सात वेळा केली. दर वेळी उत्तर येतं, मशीन चालू आहे, तक्रार बंद. वीज गेली असेल म्हणतात. वीज गेली असती तर त्याच यूपीएसवरचा फ्रिज आणि प्रिंटरपण बंद पडले असते. ते दोन्ही चालू राहतात. फक्त हेच मशीन पडतं."

"आणि पडलं की काय होतं?"

"तपासणी चालू असलेले नमुने वाया जातात. पुन्हा रक्त घ्यावं लागतं. आता इथे एक आजी बसल्यात, शिरा सापडत नाहीत त्यांच्या. दोन्ही हातांना टोचून झालंय. तिसऱ्यांदा कुठे टोचू, तुम्हीच सांगा."

रूपश्रीने तिकीट उघडलं आणि यादीतली बाकीची मशीनं बघायला बसली. दुपारपर्यंत तिला आणखी बारा सापडली. कोलार, तुमकूर, हासन, शहरातली पाच. प्रत्येक मशीन कधी तरी अचानक पडलं होतं आणि अडीच-पावणेतीन मिनिटांत स्वतःहून उठलं होतं. कंपनीची यंत्रणा दर पाच मिनिटांनी प्रत्येक मशीनला हाक मारायची आणि तीन हाका सलग वाया गेल्या तरच चौकोन लाल करायची. अडीच मिनिटं बेशुद्ध पडून उठलेलं मशीन पुढच्या हाकेला बिनचूक ओ द्यायचं. म्हणून भिंत हिरवीच राहिली होती.

तिने तेरा तिकिटं उघडली आणि सुहासला कळवलं. सुहास त्या ग्राहकाचं सगळं काम सांभाळणारा व्यवस्थापक. पस्तिशीतला, पुण्याहून आलेला, हुशार. रूपश्री मराठी आहे हे कळल्यापासून तो तिला ताई म्हणायचा, आणि काही गळी उतरवायचं असलं की जरा जास्तच म्हणायचा.

"ताई, लिसन. कॉन्ट्रॅक्टमध्ये डाउनटाइम म्हणजे काय, तर सलग तीन चेक मिस. इथे सलग तीन कुठेच मिस नाहीयेत. मशीन स्वतःच रिकव्हर होतंय. मग इश्यू कुठे आहे?"

"इश्यू देवनहळ्ळीत बाकावर बसलाय सर, बाही वर करून."

सुहास हसला. "तुम्ही ना, फार इमोशनल होता. 'आपोआप पूर्ववत' असा शेरा मारा आणि क्लोज करा. तेरा ओपन तिकिटं दिसली की वर प्रश्न विचारतात."

"विचारू देत. मशीन का पडतंय ते मला अजून कळलेलं नाही. कळल्याशिवाय मी बंद करणार नाही."

"हे मी रिक्वेस्ट म्हणून सांगत नाहीये, ताई."

"मीपण नाही, सर."

महिनाअखेरपर्यंत तिच्या नावावर एकशे सदतीस उघडी तिकिटं जमली. दर सोमवारी सगळ्यांसमोर पडद्यावर प्रत्येकाच्या उघड्या तिकिटांचा तक्ता दाखवत. इतरांच्या नावांसमोर बोटभर रेघा असायच्या आणि रूपश्रीची रेघ पडद्याच्या उजव्या कडेला जाऊन टेकायची. कोणी तरी खाकरायचं. ती वही उघडून शांत बसून राहायची. एकदा सुहासने त्यातली चाळीस तिकिटं स्वतः बंद केली. दुसऱ्या दिवशी तिने ती एकेक करून पुन्हा उघडली आणि प्रत्येकात हयवदनसारख्या त्या त्या केंद्रातल्या माणसाचं म्हणणं, वाया गेलेल्या नमुन्यांचा आकडा आणि वेळ लिहून ठेवली.

मग एका सकाळी तिच्या यादीतला शेवटून दुसरा रकाना गायब झाला. 'पडदा सुटसुटीत केला आहे' अशी सूचना सगळ्यांना आली होती. रूपश्रीने काळी खिडकी उघडली, जिच्यात आज्ञा टाइप करून थेट मशीनला प्रश्न विचारता येतो, आणि देवनहळ्ळीच्या मशीनला विचारलं, तू शेवटचं कधी उठलंस? मशीनने तारीख आणि वेळ सांगितली. रकाना काढून टाकला तरी मशीनं खोटं बोलायला शिकली नव्हती. तिने एकशे नव्वद मशीनांना हाच प्रश्न विचारणारी आज्ञांची यादी बनवली. बघण्याचा अधिकार तिला होता. ती कशालाही हात लावत नव्हती, फक्त विचारत होती. रोज सकाळी साडेनऊला विचारायची आणि उत्तरं तक्त्यात भरायची.

त्या तक्त्याकडे ती आठवडाभर बघत होती. सगळीच मशीनं का पडत नाहीत? कारवार, शिवमोग्गा, चिकमगळूर या बाजूच्या एकवीस केंद्रांत एकदाही कोणी पडलं नव्हतं. तिकडे वीज तर जास्त जाते. मशीनं त्याच कंपनीची, त्याच वर्षी घेतलेली. मग तिकडे काय वेगळं आहे? तिने केंद्रांना फोन करून विचारलं, आणि चिकमगळूरच्या बाईंनी सहज सांगितलं, "आमचं इंटरनेट फार हळू आहे हो, तुमचं ते नवीन अपडेट अजून आलंच नाही."

अपडेट होतं खुद्द त्यांच्याच कंपनीच्या प्रोग्रामचं. मशीनवर लक्ष ठेवायला प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये जो छोटा प्रोग्राम बसवलेला होता, त्याची नवी आवृत्ती जुलैत आली होती. एक्केचाळीस केंद्रांत ती पोचली, एकवीस केंद्रांत नाही. एक्केचाळिसांपैकी तेहेतीस केंद्रांत मशीनं पडत होती, एकविसांत शून्य. मशीनं पडतात का हे बघायला बसवलेला पहारेकरीच त्यांना पाडत होता.

रूपश्रीने हात मांडीवर ठेवले आणि पुन्हा मोजलं. तेवढंच भरलं. आठ केंद्रांत नवी आवृत्ती असूनही काही झालं नव्हतं. ते का, हे तिला माहीत नव्हतं, आणि तक्त्यात तिने तसंच लिहिलं.

सुहासने तक्ता पूर्ण वाचला. त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की त्याला पटलंय. तेच तिला पुढे फार लागलं.

"हे बघा ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "हे बाहेर गेलं तर आपलं काय होईल कळतंय ना? कोडिंग टीमला मी सांगतो. पुढच्या व्हर्जनमध्ये गुपचूप फिक्स होईल. तीन महिने. तोपर्यंत रिपोर्ट नेहमीसारखा जाऊ दे. बंद मशीनं शून्य. तुम्ही फक्त साइन करा."

"तीन महिने त्या लोकांना डबल टोचायचं?"

"कोणी मरत नाहीये."

"कोणी मरत नाहीये म्हणून मी खोटं लिहायचं? माझ्या नावाखाली हा कागद जाणार नाही, सर. तुमच्या नावाखाली न्या."

"मग मला तुम्हाला या अकाउंटवरून हलवावं लागेल."

"हलवा. पत्रात कारण लिहा."

पत्र दुसऱ्या दिवशी आलं. पुढच्या सोमवारपासून इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कार्यालयात, सामानाच्या नोंदी ठेवण्याचं काम. कारणाच्या जागी 'कामाची गरज' एवढंच. रूपश्रीने पोच देताना सहीच्या वर लिहिलं, 'मी अहवालावर सही नाकारल्यानंतर दुसऱ्या दिवशी हे पत्र मिळाले.' पत्र देणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, असं लिहायची पद्धत नाही." रूपश्री म्हणाली, "आता पडली."

त्या संध्याकाळी तिने वेणुगोपालला सगळं सांगितलं. तो दुकानातून आणलेल्या जरीच्या गुंडाळ्या लावत होता. हात न थांबवता त्याने विचारलं, "आणि स्वल्प गप्प राहिलीस तर? तीन महिन्यांत ते दुरुस्त करतीलच म्हणतात."

"तीन महिन्यांत किती लोक येतात तिथे, माहीत आहे?"

"नोकरी गेली तर?"

"गेली तर शोधीन. कॅफे बसलं तेव्हापण शोधलीच की."

वेणुगोपालने गुंडाळी खाली ठेवली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. चोवीस वर्षांच्या संसारात हा चेहरा त्याने दोन-तीनदाच पाहिला होता, आणि त्या प्रत्येक वेळी वाद घालून काही उपयोग झाला नव्हता. "सरी, बरं," तो म्हणाला. "तर मग बोलताना घाई करू नकोस. घाईत तू कन्नड, मराठी सगळं एकत्र करतेस, कोणाला काही कळत नाही."

शुक्रवारी अकरा वाजता ग्राहकाशी महिन्याची बैठक होती, फोनवर. सोमवारी जायचं असलं तरी काम सोपवण्यासाठी म्हणून रूपश्रीचं नाव बैठकीत होतं. ते काढायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. लॅबच्या बाजूने गुणवत्ता बघणाऱ्या डॉक्टर नीरजा होत्या. सुहासने अहवाल वाचला. बंद मशीनं शून्य, उपलब्धता शंभर टक्के. डॉक्टर नीरजांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आणखी कोणाला काही सांगायचं आहे?"

"मला सांगायचं आहे," रूपश्री म्हणाली.

टेबलाच्या पलीकडून सुहासने मान हलवली. नाही, नाही. तिने त्याच्याकडे बघितलं आणि फोन आपल्याकडे ओढला. मग ती कन्नडमध्ये बोलली, सावकाश, एकेक वाक्य तोडून. एका महिन्यात एकशे सदतीस वेळा तुमची मशीनं पडली आणि उठली. आमच्या पाच मिनिटांच्या तपासणीत ते दिसत नाही. ज्या केंद्रांत आमच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आहे तिथेच हे होतं. आठ केंद्रं अशी आहेत की तिथे नवी आवृत्ती असूनही होत नाही, त्याचं कारण मला माहीत नाही. देवनहळ्ळी, कोलार आणि हासन या तीन केंद्रांत एक आठवडा जुनी आवृत्ती बसवून बघा. मशीनं पडायची थांबली नाहीत तर मी चुकले, असं मी लिहून देते.

पलीकडे काही क्षण कागद चाळल्याचा आवाज आला.

"सुहास," डॉक्टर नीरजा म्हणाल्या, "पुन्हा रक्त घ्यावं लागण्याचं प्रमाण का वाढलं, हे मी तुम्हाला जुलैत विचारलं होतं. तुम्ही वीज म्हणालात."

सुहास पाणी प्यायला. "वी आर इन्व्हेस्टिगेटिंग, डॉक्टर."

"ठीक. ही तीन केंद्रं आजच बदला. आणि तो तक्ता मला पाठवा. तुम्ही नाही. त्या बाईंनी."

सुहासने फोन ठेवला. मग म्हणाला, "काय केलंत हे कळतंय तुम्हाला? कंपनीची माहिती ग्राहकाला दिलीत."

"ग्राहकाला त्याच्याच मशीनांची माहिती दिली," रूपश्री म्हणाली आणि तक्ता पाठवायला आपल्या जागेवर गेली.

सोमवारी ती इलेक्ट्रॉनिक सिटीत हजर झाली. बदली कोणी रद्द केली नव्हती. श्रीरामपुरमच्या घरून मेट्रोने आर. व्ही. रोड, तिथे पिवळ्या लाइनची गाडी यायची वाट बघत उभं राहायचं, आणि मग एका खिडकी नसलेल्या खोलीत दिवसभर किती खुर्च्या, किती लॅपटॉप, किती तुटके, हे लिहायचं. आसपासचे लोक तिच्याशी जपून बोलायचे. तिला त्याचं वाईट वाटायचं. पण डबा खाताना ती मान खाली घालायची नाही. कोणी विचारलं, इथे कशा आलात, तर ती सांगायची, "सही केली नाही म्हणून." पूर्ण, मोठ्या आवाजात.

आठव्या दिवशी हयवदनचा फोन आला. "अक्का, आठ दिवस झाले. एकदाही नाही पडलं." कोलार आणि हासनलाही तसंच. बाकीच्या केंद्रांत मात्र त्याच आठवड्यात मशीनं एकतीस वेळा पडली होती. नवी आवृत्ती सगळीकडून काढून टाकण्यात आली. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा कळलं की नव्या आवृत्तीचं एका विशिष्ट नेटवर्क कार्डाशी पटत नव्हतं. तेहेतीस केंद्रांत ते कार्ड होतं, त्या आठ केंद्रांत दुसरं. ते ऐकून रूपश्री पहिल्यांदा मोकळं हसली. ते आठ तिला फार छळत होते.

कंपनीने ग्राहकाला जे पत्र पाठवलं त्यात 'आमच्या अंतर्गत तपासणीत आढळून आले' असं लिहिलं होतं. तिचं नाव कुठेच नव्हतं. डॉक्टर नीरजांनी मात्र करारातली व्याख्या बदलून घेतली. यापुढे न ठरवता उठलेलं प्रत्येक मशीन हे बंद पडलेलं मशीन धरलं जाईल, मग ते किती का लवकर उठेना.

त्यामुळे व्हाइटफील्डच्या खोलीत अडचण झाली. जुने चौकोन उपयोगाचे राहिले नाहीत आणि मशीनांना नेमकं काय विचारायचं ते कोणाला माहीत नव्हतं. नोव्हेंबरमध्ये सुहासचा फोन आला. आवाज नरम होता आणि या वेळी त्याने ताई म्हटलं नाही.

"रूपश्री मॅडम, तुम्ही परत या. सहा नवीन लोकांना शिकवायचंय."

"येते. दोन गोष्टी लिहून द्या. तो रकाना खोलीतल्या प्रत्येकाच्या पडद्यावर राहील, आणि केंद्रातला माणूस 'झालं' म्हणेपर्यंत कोणीही, तुम्हीसुद्धा, तिकीट बंद करणार नाही."

"बघतो मी."

"बघू नका. लिहून पाठवा."

पत्र गुरुवारी आलं. त्यात रकान्याची गोष्ट होती, तिकिटाची नव्हती. रूपश्रीने ते वाचलं, खाली एक ओळ लिहिली, 'दुसरी अट राहिली आहे', आणि परत पाठवून दिलं. मग ती उरलेल्या खुर्च्या मोजायला गेली. शुक्रवार गेला, सोमवार गेला. वेणुगोपालने एकदा विचारलं, आलं का काही? ती नाही म्हणाली आणि भाजीत मीठ घातलं.

मंगळवारी दुपारी दुसरं पत्र आलं. त्यात दोन्ही अटी होत्या आणि खाली सुहासची सही होती. रूपश्रीने ते दोनदा वाचलं, त्याची एक प्रत काढून पिशवीत ठेवली, आणि बुधवारी व्हाइटफील्डच्या मेट्रोत बसली.